लेखन शिकविणार कोण?

महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस लिहितां येत नाहीं, ही तक्रार जुनीच आहे. तिच्यावरचा उपाय मात्र नवा निघाला आहे: लेखनाचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम लावून द्यावा, म्हणजे काम झालें! केंद्र सरकारचें 'स्वयम्' हें शिक्षणपीठ २०१७ सालीं उघडलें. २०२१ च्या नियमांनीं एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय त्याच्या द्वारें शिकण्याची मोकळीक झाली. पालघरसारख्या जिल्ह्यास तर हें वरदानच, असें कित्येक सुज्ञ गृहस्थ म्हणतात.

त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. बोईसरला कारखान्यांत रात्रपाळी करून दिवसां शिकणारा मुलगा, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून एस.टी.नें येणारी मुलगी, यांना उत्तम व्याख्यान घरबसल्या मिळत असेल, तर त्याला विरोध कोण करील? इतिहास, रसायन, हिशेब हे विषय अशा रीतीनें पुष्कळ अंशीं शिकतांहि येतील. लेखनाची गोष्ट निराळी आहे. तें ऐकून येत नाहीं. आपण लिहिलेलें दुसरा कोणी वाचतो, वाचतांना अडतो आणि कोठें अडलों तें सांगतो, तेव्हां तें येऊं लागतें.

उदाहरण घ्या. तारापूरचा एखादा विद्यार्थी लिहितो, 'प्रदूषणामुळें लोकांचें फार नुकसान होतें.' वाक्य शुद्ध आहे; व्याकरण तपासणारें यंत्र त्यांत दोष काढणार नाहीं. शिक्षक मात्र समासांत विचारील, 'कोणत्या लोकांचें? कोणतें नुकसान? तूं स्वतः काय पाहिलेंस?' मग तो मुलगा खाडीच्या पाण्याचा रंग आठवूं लागतो, शेजारच्या मच्छीमाराला विचारून येतो, आणि दुसऱ्या खेपेस खरें वाक्य लिहितो. लेखनाचें शिक्षण म्हणजे ही दुसरी खेप. हजारों विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमांत ती कोठून येणार? तेथें बहुधा चार पर्यायांतून एक शुद्ध वाक्य निवडावयाचें असतें. निवडणें म्हणजे लिहिणें नव्हे. आतां तर यंत्र सबंध निबंधच लिहून देतें. पण लिहून मिळाल्यानें लिहितां येत नाहीं.

कोणी म्हणेल, शिक्षकांना वेळ कोठें आहे? हा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. ६० मुलांच्या एकेका निबंधास १५ मिनिटें दिलीं, तरी १५ तास होतात. लेखन शिकविण्याचा खरा खर्च हाच. आणि नव्या योजनेंत वाचवावयाचा खर्चहि नेमका हाच आहे! सरपण वाचावें म्हणून चूलच पेटवूं नये, त्यांतला हा प्रकार.

अंतर कमी करण्याच्या आम्ही विरुद्ध नाहीं. याच जिल्ह्यांत, बोर्डीला, ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं ग्रामीण बालशिक्षणाचें काम सुरू केलें. पुढें अनुताई वाघांसह कोसबाडला तें वाढविलें. आदिवासी मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळा त्यांच्या अंगणांत, गुरें चरतात त्या कुरणांत गेली. पण ती शिक्षिकेसह गेली. नुसता फळा पाठविला नाहीं.

तेव्हां व्याख्यानें पडद्यावर खुशाल असोत. मात्र दर २० विद्यार्थ्यांमागें वाचणारा एक माणूस नेमा, त्याला त्या कामाचें वेतन द्या, आणि महिन्याला एक तरी लेख दोनदां लिहवून घ्या. हें जमत नसेल, तर त्या अभ्यासक्रमाला लेखनाचें नांव देऊं नका.

हा नुसता गुणपत्रिकेचा प्रश्न नव्हे. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध येथील मच्छीमार समाजाला राष्ट्रीय हरित लवादापुढें दाद मागावी लागली. अशी दाद मागावयाची, तर काय घडलें, केव्हां घडलें, कोणाचें काय गेलें, हें नेमकें लिहून द्यावें लागतें. उद्यांचे अर्ज आणि हरकती ज्यांनीं लिहावयाच्या, तीं मुलें आज आपल्या वर्गांत बसलीं आहेत. त्यांना चौकटींत खूण करावयास शिकवून पदवी दिली, तर स्वतःची तक्रार मांडावयासहि त्यांना दुसऱ्या कोणाची तरी लेखणी उसनी आणावी लागेल.