८२२ मतांचा हिशेब

गावात सरपंचकीला तिघे उभे राहिले आणि मते ६००, ५०० आणि ४०० अशी पडली, तर गुलाल ६०० वाल्याचा. नऊशे लोकांना तो नको होता, हे कोणी विचारत नाही. आपली पद्धतच तशी आहे. ज्याची मते जास्त तो निवडून, निम्म्याची अट नाही.

कोपरगावचे २०१९ आठवा. २०१४ ला स्नेहलता कोल्हे भाजपकडून आमदार झाल्या, आशुतोष काळे तेव्हा शिवसेनेकडून पडले. पाच वर्षांनी तेच काळे राष्ट्रवादीकडून ८२२ मतांनी आले. ४१२ मतदार इकडचे तिकडे झाले असते तरी निकाल फिरला असता! त्याच लढतीत राजेश परजणे अपक्ष उभे होते. त्यांना पंधरा हजारांवर मते पडली. ते विखे पाटलांचे मेहुणे, आणि विखे तेव्हा भाजपमध्येच. म्हणजे भांडण घरातलेच.

आता इथे नीट बघा. उमेदवारावर रुसलेला माणूस सहसा थेट विरोधकाला मत देत नाही, त्याला ते जड जाते. तो तिसऱ्याचे बटण दाबतो, नाही तर उसाला पाणी द्यायला निघून जातो. पक्षाला वाटते, जातोय कुठे? नोटा दाबून राग निघतो खरा, पण विधानसभेला नोटा पहिला आला तरी आमदार त्याच्या खालचाच होतो.

नावाचा घोळ वेगळाच. २०२४ ला कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार १,२४३ मतांनी वाचले. त्यांच्याच नावाच्या अपक्षाने तीन हजारांवर मते नेली होती. पारनेरलाही फरक १,५२६ चाच.

शिक्षक मतदारसंघात पसंतीक्रम असतो. २०२४ ला नाशिक विभागात कोटा पहिल्या पसंतीत कोणाचाच भरला नाही, मग मास्तरांची दुसरी पसंती मोजली गेली. तिसऱ्याला दिलेले मत तिथे वाया जात नाही. सरपंचाच्या मतपत्रिकेवर ही सोय नाही. त्यामुळे पॅनेलप्रमुखांनो, नाराजाची समजूत अर्ज माघारीच्या दिवसाआधीच काढावी लागते.

कोपरगावला ते २०२४ मध्ये घडले. कोल्हे कुटुंबातले कोणी उभे राहिले नाही आणि काळे जवळपास सव्वा लाखाने आले.