पाच दिवसांची पिशवी

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाला डेंग्यू झाला. प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोबाईलवर ‘रक्तदाते हवेत’ हा निरोप फिरू लागला. खालाने पपईची पानं वाटायला घेतली. ओरोसला न्यायचं की थेट बांबोळीला, यावर अर्धी रात्र गेली. डॉक्टर मात्र शांत. म्हणाले, "रक्तस्राव नाही ना? मग प्लेटलेट चढवायच्या नाहीत." आम्हांला तो हलगर्जीपणा वाटला. चौथ्या दिवशी भाऊ उठून बसला, पेज मागू लागला.

डॉक्टरांचंच खरं होतं. सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ डेंग्यू रुग्णांवरचा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नुसता आकडा खाली आला म्हणून प्लेटलेट देऊन रक्तस्राव टळला नाही, उलट काहींना त्रासच झाला.

प्लेटलेट खऱ्या लागतात त्या हायवेवरच्या अपघातात, बाळंतपणात रक्त थांबेना तेव्हा. आणि तेव्हाच त्या जवळ नसतात. रक्त महिनाभर फ्रीजमध्ये राहतं. प्लेटलेट मात्र २०-२४ अंशांवर, सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपतात. मालवणहून बांबोळी शंभरावर किलोमीटर.

म्हणून अमेरिकेत क्लीव्हलँडला अनिर्बन सेन गुप्ता यांचं जे काम चाललंय ते मला आपलं वाटतं. चरबीचे अतिसूक्ष्म गोळे, त्यांच्यावर असे प्रथिनांचे तुकडे की ते जखमेपाशीच चिकटतात आणि शरीरातल्या उरल्यासुरल्या प्लेटलेटना एकत्र ओढतात. त्यांची भुकटी करून ठेवता येते. रक्तगट बघायला नको. २०२३ पासून मेरीलँड विद्यापीठात अमेरिकी लष्कराच्या पैशातून कृत्रिम रक्त घडतंय, त्यातही हा घटक आहे. दवाखान्यात यायला अजून अवकाश आहे, आणि आली तरी आधी युद्धभूमीवर जाईल. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात ती कोणत्या भावाने येईल, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

तोवर माणूसच हवा. ईद-ए-मिलादला आपण रक्तदान शिबिर घेतो, चांगलंच आहे. पण एका दिवशी साठ पिशव्या गोळा केल्या तर त्यातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट सहाव्या दिवशी फेकायच्या. त्यापेक्षा साठ जणांची यादी करावी, दर आठवड्याला चारपाच जणांनी जावं. यंदा जमातीच्या बैठकीत मी हे मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकाने विचारलं, "मग बॅनर कुठल्या दिवशी लावायचा?"