गाणाऱ्यानेच दवंडी पिटायची काय?

पूर्वी आमच्या भागात गाणारा वेगळा आणि दवंडी पिटणारा वेगळा असे. जत्रेत रात्री शाहिराचा कार्यक्रम असला, तर हलगी वाजवून ती वार्ता गावभर करण्याचे काम दुसराच माणूस करी. शाहीर त्या वेळी उतरल्या घरी आडवा झालेला असे, नाहीतर डफ शेकत बसलेला असे. रात्री त्याला गायचे आहे, तेव्हा दिवसा त्याला त्रास देऊ नये, एवढी समज गावाला होती.

आज भालकी तालुक्यातल्या मेहकरपासून कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदपर्यंत सीमाभागातील मराठी गावांतून फिरले, तर स्वतः गाणे लिहिणारा, स्वतः चाल लावणारा आणि स्वतःच गाणारा एखादा तरुण भेटतो. त्याच्या मागे कंपनी नाही, की पैसेवाला धनी नाही. कॅसेटचा जमाना केव्हाच संपला. आता हातातला मोबाइल हेच त्याचे दुकान. गाणे तयार करून यूट्यूबवर टाकायचे आणि लोकांनी ऐकावे म्हणून दिवसभर ओरडत बसायचे. म्हणजे गाणाराही तोच आणि दवंडीवालाही तोच!

त्याचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी तोंड धुण्याआधी रात्रीतून किती जणांनी गाणे पाहिले तो आकडा बघायचा. मग शेतावर किंवा दुकानावर कामाला जायचे. तिथेही दर अर्ध्या तासाला हात खिशाकडे जातोच. दुपारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत कापून टाकायची, कोणी काही लिहिले असेल त्याला हात जोडायचे. संध्याकाळी एखाद्या पुढाऱ्याचा माणूस येतो : साहेबांच्या वाढदिवसाला गाणे पाहिजे, उद्याच पाहिजे. त्याचे पैसे रोख मिळतात, म्हणून नाही म्हणवत नाही. रात्री वही उघडावी, तर मित्राचा फोन येतो. शेवटी वही तशीच उशाशी राहते. नवे गाणे लोकांपर्यंत पोचवता पोचवता त्यापुढचे गाणे जन्मालाच येत नाही.

यात आमचाही दोष आहे, तो कबूल केला पाहिजे. मागे अशाच एका पोराने आम्हाला वाटेत गाठले. ‘‘काका, नवं गाणं टाकलंय. तेवढं बघा की, अन् पुढं पाठवा.’’ आम्ही तिथल्या तिथे फोन उघडला, अंगठ्याची खूण उमटवली आणि चार ठिकाणी गाणे पाठवून दिले. पोरगा खूश झाला. घरी आल्यावर ध्यानात आले, की पहिल्या वीस सेकंदांपलीकडे आम्ही काही ऐकलेच नव्हते. मराठीच्या नावाने सभांतून बोलणारे आम्ही, आणि आमच्याच मातीतले मराठी गाणे ऐकायला आमच्याजवळ तीन मिनिटे नव्हती!

ही वीस सेकंदे त्या पोराला किती महाग पडतात, त्याचा हिशेबही मांडून पाहावा. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळवायचा, तर १ हजार सदस्य हवेत आणि १२ महिन्यांत एकूण ४ हजार तास लोकांनी पाहिलेले असावे. नाहीतर छोट्या चित्रफिती ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिल्या गेल्या पाहिजेत. ४ हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. तीन मिनिटांचे गाणे ८० हजार वेळा शेवटपर्यंत ऐकले, तर हा आकडा भरतो. नुसता अंगठा उमटवून तो भरत नाही.

गाणे कोणी जगवले?

कोणी म्हणेल, कलावंताला कष्ट कधी चुकले आहेत? खरे आहे. वामनदादा कर्डक यांचेच उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख झाली तीही मोठेपणी, मुंबईत आल्यावर. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि २००४ साली निधन होईपर्यंत खेडोपाडी फिरून बाबासाहेबांचा विचार स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या गळ्यातून पोचवला. पैसा त्यांनी पाहिला नाही. पण कार्यक्रमाची वार्ता पोचवायला वस्तीतले कार्यकर्ते होते, भाकरी कोणाच्या तरी घरची होती आणि बिदागी वर्गणीतून जमत होती. समाजाने दवंडीचे ओझे उचलले, म्हणून दादांना गाण्यासाठी वेळ उरला.

इतके दूर जायचे कारण नाही. माणिकप्रभू तर आमच्याच मातीतले. बसवकल्याणजवळच्या लाडवंतीत १८१७ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाने मराठीत, कन्नडात आणि हिंदी-उर्दूतही पदे रचली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात त्यांच्याकडे गवयांना आसरा मिळे, आणि तिथल्या उत्सवात गाण्याला आजही मान आहे. गाणे टिकायला गळा लागतो, तसा आश्रयही लागतो, हे या भागाने दीडशे वर्षांपूर्वीच जाणले होते.

स्वतःचे नाव लोकांपर्यंत नेण्यात कमीपणा आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचे संत अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवीत. वामनदादा गीताच्या अखेरीस ‘वामन’ हे नाव गुंफीत. शेजारच्या कन्नडातही हीच रीत. बाराव्या शतकात याच कल्याणात बसवण्णांनी आपल्या वचनांवर ‘कूडलसंगमदेव’ ही मुद्रा उमटवली. गाणे जिथे जाई तिथे कर्त्याची खूण सोबत जाई. पण ती खूण गाण्याच्या शेवटी असे, गाणे तिच्या आधी पुरे झालेले असे. आज खूण पुढे धावते आहे आणि गाणे मागे राहिले आहे.

भाषेचा प्रश्न इथेच आहे

हा प्रश्न एका-दोघा हौशी पोरांचा नाही, तो आमच्या भाषेचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे राहिले. त्यानंतर किती ठराव झाले आणि किती निवेदने दिली गेली, याची गणती नाही. ८६५ गावांचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या दाव्यातला एखादा परिच्छेद कोणाला पाठ आहे काय? पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊ साठे यांनी रचलेली ‘माझी मैना’ ही छक्कड आजही जुन्या माणसांच्या ओठावर आहे. सीमेवरच्या माणसाचे दुःख कागदापेक्षा त्या छक्कडीने अधिक दूर नेले.

आज आमची मुले कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात. पोटासाठी ते करावेच लागते, त्यात वावगे काही नाही. कन्नडशी आमचे वैरही नाही. पण शाळेतून मराठी गेली, तर ती राहणार कुठे? घरात, भजनात आणि गाण्यात. म्हणून आमच्या बोलीतले नवे गाणे होत राहणे ही आता चैन नाही, गरज आहे.

पण हा पोरगा गाणे लिहितो पुण्याच्या भाषेत. ‘काय करलालास?’ असे घरी विचारणारा मुलगा गाण्यात ते लिहायला लाजतो. लोक हसतील, बाहेरचे ऐकणार नाहीत, ही भीती आकड्यांनी त्याच्या मनात घातली आहे. आमचे त्याला सांगणे आहे, की पुण्याच्या भाषेत लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत. मांजरेकाठची बोली गाण्यात आणणारा दुसरा कोण आहे?

मग करायचे काय?

शिवजयंती, आंबेडकर जयंती, अण्णा भाऊंची जयंती, गावची जत्रा या सगळ्यांना वर्गणी निघते. ती बहुतेक डीजेच्या भिंती उभारण्यात जाते. त्यातला थोडा भाग बाजूला काढून गावच्या गाणाऱ्याला तासभर बसवावे आणि मानाने बिदागी द्यावी. कार्यक्रमाची दवंडी तरुण मंडळाने पिटावी. सगळ्यांच्या हातात फोन आहेतच, ते त्या कामी यावेत. आणि गाणे पुढे पाठवण्याआधी ते आपण पुरे ऐकावे.

गाणाऱ्या पोरांनाही दोन शब्द. फोन पाहण्याची वेळ ठरवा आणि वहीची वेळ त्याला देऊ नका. कोणी गाणे विकत मागितले, तर वाचल्याशिवाय सही करू नका. गाणे लिहिले, की त्याचा हक्क नोंदणीवाचूनही लिहिणाराचाच असतो. २०१२ सालच्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा कोणालाही सहज लिहून घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

त्या पोराचे गाणे आम्ही परवा पुरे ऐकले. दुसऱ्या कडव्यात बापाच्या कर्जाची गोष्ट होती आणि तिथे एक शब्द अस्सल आमच्याकडचा होता. आम्ही त्याला निरोप धाडला आहे : येत्या सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री मांडवात ये, पेटी आणि तबला आम्ही बघतो. गावाला सांगण्याचे काम आमचे. तू नुसते गायचे.