आठवडा कोणाचा?

अमेरिकेतले स्थळ आले, की आपल्या मैत्रिणी पगार विचारतात, गाव विचारतात. व्हिसा कोणता, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते तो प्रश्न पहिला हवा. नवरा ‘एच-१बी’वर असला, की बायकोला ‘एच-४’ मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते. नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळतो खरा. पण त्यासाठी नवऱ्याचे ग्रीनकार्डाचे प्रकरण बरेच पुढे सरकलेले असावे लागते. नव्या नवरीला त्याचा काय उपयोग?

मग उरतात शनिवार-रविवारचे बेत. भारतीय दुकानातून कोथिंबीर, कणीक, डाळी आणायच्या, साठलेले कपडे धुवायचे, जमल्यास महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम. पाच दिवस राबलेल्या त्याला ही विश्रांती. तिला मात्र माणसे दिसतात ती याच दोन दिवसांत! उपनगरात बस क्वचितच, मोटार एकच, आणि ती घेऊन तो कामावर जातो. दुपारी आईला फोन करावा, तर इकडे निजानीज. एम.ए. झालेल्या मुलीने पाच दिवस खिडकीशी काढावेत आणि आपण म्हणावे, ‘मजा आहे बुवा तुझी!’ — हे मला पटत नाही.

तिथली सार्वजनिक ग्रंथालये उत्तम आहेत म्हणे. असतील, पण तिथवर जायलाही मोटारच लागते.