पानिपतावरून पळालेला मुलगा

आज संक्रांत. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत गच्च्या पतंगांनी भरतील. याच तारखेला, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. वय पुरते एकोणीसही नव्हते. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) तो रणसंग्राम घरोघरी पोहोचवला आणि पडलेल्यांसाठी आपण आजही हळहळतो. मात्र त्याच छावणीतला, जवळजवळ त्याच वयाचा आणि जिवंत परतलेला दुसरा एक मुलगा आपल्याला सहसा आठवत नाही.

तो म्हणजे नाना फडणीस. जन्म १२ फेब्रुवारी १७४२. शिपाईगडी नव्हे, लेखणीचा माणूस; तीर्थयात्रेच्या ओढीने आईला घेऊन फौजेबरोबर निघालेला. फौज उधळली तेव्हा नानांनी घोडा सोडला, अंगावरची वस्त्रे टाकली, वाट फुटेल तिकडे धाव घेतली, गवतात लपून जीव वाचवला. आई पुन्हा भेटली नाही. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण नानांनी ते आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले.

स्टीफन क्रेनची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ (१८९५) ही अमेरिकी यादवी युद्धावरची कादंबरी याच्याशेजारी ठेवून वाचावी. क्रेनचा जन्म १८७१चा, म्हणजे युद्ध संपून सहा वर्षे झाल्यावरचा. तरी कोवळ्या शिपायाचे मन त्याला अचूक सापडले. कादंबरीचा नायक हेन्री फ्लेमिंग याला वाटते, युद्धावर निघताना आई वीरमातेसारखे काही बोलेल. ती बटाटे सोलत राहते आणि मोज्यांच्या आठ जोड्या दिल्याचे सांगते. पुढे लढाईत हेन्री पळतो. पळणाऱ्याच एका शिपायाच्या बंदुकीचा दस्ता डोक्यात बसतो, ती जखम सोबती गोळीची समजतात आणि तो समजू देतो. दुसऱ्या दिवशी तोच निशाण हाती घेऊन पुढे धावतो. शौर्य खरे, पण त्याखाली लपवलेली भीतीही तितकीच खरी. आता आपण मर्द झालो, असे शेवटी त्याला वाटते. ते कितपत मानायचे, हे क्रेनने आपल्यावर सोपवले आहे.

हेन्रीने जे लपवले ते नानांनी लिहिले. पुढे पेशवाईचा कारभार कित्येक वर्षे ज्यांच्या खांद्यावर राहिला, त्या माणसाला आपली पळापळ गाळून टाकणे काय अवघड होते? त्यांनी ती गाळली नाही. आमच्या मते हे धैर्य रणातल्या धैर्याहून कमी नाही.

आजही सैन्यातली अग्निवीर भरती जवळजवळ याच वयात, साडेसतराव्या वर्षापासून होते. १.६ किलोमीटरची धाव कमीत कमी वेळात काढायची म्हणून उपनगरांतली मुले पहाटे मैदाने गाठतात. त्यांना आपण फलकांवरचे वीर दाखवतो, पोवाडे ऐकवतो. ते हवेच. पण पहिल्या गोळीबारात पाय लटपटले तर आपण नालायक ठरलो, असे त्यातल्या एखाद्याच्या मनाने घेतले, तर त्याला आधार कोणाचा? घरी तर तो सांगणार नाही. व्याख्यानातल्या पानिपतात कोणी घाबरलेले नसतेच.

आज ठिकठिकाणी पानिपताच्या वीरांचे स्मरण होईल. मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांच्या शौर्याबरोबर नानांची ती पानेही तिथे वाचून दाखवावीत. वाचणाऱ्याने सुरुवातीला एवढेच सांगावे, की त्या दिवशी हा मुलगा अठरा वर्षांचा होता.