शपथेनंतरचा तिसरा दिवस

दारू सोडायची म्हटलं की आपल्याकडे करमाळ्यात पुष्कळ घरांत माणसाला आधी कमलाभवानीच्या देवळात नेतात आणि शपथ घ्यायला लावतात. नेणाऱ्यांची माया खरी असते, त्यात वाद नाही. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं, ते मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना ओळखता आलं पाहिजे. हात थरथरतात, बशीत चहा सांडतो, घाम फुटतो, झोप उडते. एखाद्याला फिट येते, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. बाहेरचं काही नसतं. दारू अचानक तुटल्याचा तो त्रास असतो आणि जिवावर बेतू शकतो. तिथं समजावत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. दारू सुटायच्या गोळ्या गुपचूप भाजीत कालवण्याचा उद्योगही तसाच. त्या गोळ्यांवर दारू पोटात गेली तर जिवाला धोका.

हे नुसतं पुस्तकातून कळत नाही. कॉलेजांनी मुलांना जेऊरहून रेल्वेत बसवावं आणि रीतसर परवानगी घेऊन पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र दाखवून आणावं. डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते सुरू केलं. एकेकाळी स्वतः व्यसनात अडकलेली माणसं तिथं समुपदेशक म्हणून काम करतात. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथं मुलांनी गप्प बसून ऐकायचं.

मुलांनो, गप्प बसणं हाच अवघड भाग आहे. समोरच्या व्यसनी माणसाला आजवर बायकोनं, सासऱ्यानं, सरपंचानं सांगून झालंय. विसाव्या वर्षी तुम्ही दिलेलं व्याख्यान त्याला कशाला हवं? शेवटची कधी घेतली, मागे सोडली होती तेव्हा काय झालं, एवढं विचारा. पुन्हा घसरला तर खोटारडा म्हणू नका, घसरणं या आजारात होतंच. आणि ऐकलेलं पोटात ठेवा. करमाळा केवढंसं! सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोचतं, मग तो माणूस पुन्हा तुमच्यापुढं तोंड उघडणार नाही. बी.ए. झालं म्हणून लगेच समुपदेशकाची पाटीही लावू नका.

घरात कोणी सोडायची म्हणत असेल तर देवळात जरूर जा, पण आधी डॉक्टरला दाखवा. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.