नववा महिना पौषात
(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘लसीकरण : एक राष्ट्रीय कर्तव्य’ असा विषय होता. पहिला क्रमांक मिळवणाऱ्या वक्त्याने ठणकावून सांगितले की, आपला अडाणी समाज लसीला भितो, म्हणून मुले रोगांना बळी पडतात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी जाताना मात्र मला माझ्या अडाणी आईची आठवण झाली आणि वाजवलेल्या टाळ्यांची लाज वाटली.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा झाला की बीड जिल्ह्यातले आमचे अर्धे गाव रिकामे होते, ते चैत्र-वैशाखात परतते. माझा धाकटा भाऊ २०१४ च्या चैत्रात जन्मला. गावी असताना आईने त्याचे एकही इंजेक्शन चुकवले नाही. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, सर्व नोंदी कार्डावर आहेत. पण गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. चैत्रातल्या बाळाचा नववा महिना पौषात संपतो, आणि पौषात आम्ही कारखान्याच्या थळावर कोपीत असतो. लसीचे वेळापत्रक आणि उसाचा हंगाम यांची गाठ कोणी घालून पाहिली आहे काय?

आई त्याला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेली होती. त्यासाठी एक खाडा पडला, मुकादमाने पैसे कापले. तिथे तिला विचारले, “कार्ड कुठंय?” कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत होते. “मग गावाकडंच घ्या,” असे सांगून तिला परत पाठवले. वास्तविक लस कोणत्याही गावच्या मुलाला कुठेही घेता येते. पण नर्सबाईंचीही एक अडचण मला पुढे कळली. गोवराच्या एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात आणि ती एकदा तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. एका बाळासाठी कुपी फोडायला हात धजत नाही. माझे म्हणणे असे की, फोडावी. उरलेले डोस वाया जाऊ द्यावेत.

माघात टोळीत गोवर आला. एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना लागण करू शकणारा हा रोग, आणि कोप्या एकमेकींना चिकटून. आईने निंबाचा पाला बांधला. भाऊ वाचला, पण त्याचा कान पुढे कित्येक आठवडे वाहत राहिला. त्या कानाने त्याला आजही नीट ऐकू येत नाही.

सरकारला कोप्यांपर्यंत पोचता येत नाही, हे मला पटत नाही. पोलिओचे थेंब पोचले होते! १९९५ पासून पल्स पोलिओवाले वीटभट्टीवर, एस.टी. स्टँडवर, रेल्वेत, आमच्या कोप्यांवरही आले, करंगळीला शाई लावून गेले. तेव्हा कार्ड कोणी मागितले नाही. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही. सुईचे काम थेंबांपेक्षा अवघड आहे, शीतपेटी लागते, प्रशिक्षित हात लागतो, हे मान्य. पण मुंबईत १८०२ साली, मोटार नव्हती की बर्फाची पेटी नव्हती, तेव्हा ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. माझ्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचे वण आहेत. तिला कोणी कार्ड विचारले नव्हते.

मोठ्यांचे तर विचारूच नका. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत मिळते. शाळा सोडून फडात गेलेल्या पोराला कोण देणार? कोयता लागला की खाजगी डॉक्टरकडे पैसे मोजून ती घ्यायची. प्रौढ माणसाला लस लागते हे माझ्या वडिलांना २०२१ साली कोरोनातच प्रथम कळले.

उपाय फार मोठा नाही. कोणत्या टोळीत किती कोयते आहेत, हे कारखान्याच्या वहीत पैशासकट लिहिलेले असते. त्याच वहीत किती बाळे हेही लिहावे. कारखान्याला दर हंगामाला गाळप परवाना लागतो. तो देताना बाळांची यादी मागावी. आणि लसीकरण दिवेलागणीनंतर कोप्यांवर करावे, कारण आई पहाटे फडात जाते आणि बाळही तिच्याबरोबर झोळीत जाते. आता नोंद मोबाईलवर होते म्हणतात. ठीक आहे, मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप फडात.

यंदा माझ्या मामीला चैत्रात मुलगी झाली. निघताना मी तिचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मामीच्या ट्रंकेत सर्वांत वर ठेवले. हा लेख लिहिताना पौष संपत आला आहे. काल फोन केला तर मामी म्हणाली, “आल्या होत्या गं नर्सबाई. पण दुपारी. कोप्यावर नुसत्या म्हाताऱ्या होत्या.”